लाडू करी मी

त्या गाण्याचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर ते तुमच्याही डोक्यात शिरेल आणि दोन दिवस बाहेर निघणार नाही; एवढं वैर आपल्यात नाही. दोन हजार आठचा उन्हाळा ज्यांनी आखातात काढला त्यांना नावाची गरजही नाही. आधी चर्चमधल्या ऑर्गनचे दोन लांब सूर. मग एकटी बाई, पोटातून आवाज काढणारी, सावकाश. मग टाळ्या, मग तिच्यामागे तीस-चाळीस जणांचा कोरस, आणि ही सगळी मंडळी आता देवाच्या दारात पोचलीच असं वाटेपर्यंत खालून ढुम-ढुम-ढुम-ढुम सुरू. युरोपातल्या कुणा डीजेने अख्खं चर्च उचलून डिस्कोत आणून बसवलं होतं. ध्रुवपदात चारच शब्द: लॉर्ड, यू कॅरी मी. देवा, तू मला उचलून नेतोस.

आम्ही शारजात, अल नहदाला राहायचो आणि माझं ऑफिस दुबईत. सकाळी त्या रस्त्यावर गाडी जितका वेळ नुसती उभी असे, तितक्यात रेडिओ ते गाणं तीनदा वाजवायचा. देव कुणाला उचलून नेत असलाच तर निदान त्या रस्त्यावरून नेत नव्हता. मॉलमध्ये तेच, पेट्रोल पंपावर तेच, दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असताना तेच. आमच्या मंडळाच्या गणपतीत सात मुलींनी त्यावर नाच बसवला. एक काका म्हणाले, "इंग्लिश भजन आहे. चांगलं आहे." आणि विषय संपला. गणपतीनेही हरकत घेतली नाही.

मला मात्र ते गाणं आवडत नव्हतं. त्याचं कारण माझा धंदा. मी एका बिल्डर कंपनीच्या मार्केटिंगमध्ये लिहिण्याचं काम करायचो. इमारती बांधून व्हायच्या होत्या, वर्णनं तयार असायची. समुद्र दिसत नसेल तिथे मी 'समुद्राची चाहूल' लिहायचो. चेअरमनसाहेबांची भाषणंही माझीच; त्यात ते दर वेळी अत्यंत नम्रपणे सांगत की आपण इतिहास घडवत आहोत. दिवसभर फुगे फुगवणाऱ्या माणसाला दुसऱ्याने फुगवलेला फुगा लगेच ओळखू येतो. त्या गाण्यात मला आमचंच ब्रोशर ऐकू यायचं.

ईद झाल्यावर आमच्या नव्या टॉवरचं लाँच होतं. अमेरिकेत बँका कोसळत होत्या, पण ती बातमी आमच्या मजल्यावर अजून पोचली नव्हती. हॉटेलच्या हॉलमध्ये पाण्याचा पडदा, धूर आणि मधोमध जमिनीतून वर येणारा हायड्रॉलिक चौथरा. योजना अशी की दिवे मालवायचे, ऑर्गन सुरू करायचा, कोरस चढू लागला की धुरातून चेअरमनसाहेब वर येणार आणि नेमके 'यू कॅरी मी'वर पूर्ण उंची गाठून दोन्ही हात पसरणार. ज्याला ही कल्पना सुचली त्याला आधीच बढती मिळाली होती.

साहेब छातीपर्यंत वर आले आणि चौथरा अडकला.

साउंडवाल्याला सांगून ठेवलं होतं की साहेब वर पोचेपर्यंत ध्रुवपद थांबवायचं नाही. तो सांगितलेलं ऐकणारा माणूस होता. देवा, तू मला उचलून नेतोस, असं कोरसने पुन्हा पुन्हा बजावलं आणि साहेब दोन्ही हात पसरून, हसरा चेहरा तसाच ठेवून, अर्धे जमिनीत उभे. शेवटी दोन मेकॅनिकांनी काखेत हात घालून त्यांना वर ओढलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. पाहुण्यांना वाटलं, हे असंच ठरलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी रिसेप्शनच्या टेबलाला टेकून हा सगळा प्रसंग हातवारे करून सांगितला. ऐकणारी होती आमची रिसेप्शनिस्ट. फिलिपिन्सची, पस्तिशीची, आणि सगळ्या कंपनीत जिच्या आवाजावर खर्च करावा लागला नव्हता अशी एकमेव व्यक्ती. फोन लावला की 'तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असं जे ऐकू यायचं, तो रेकॉर्ड केलेला आवाज तिचाच. आम्ही अर्थातच इंग्रजीत बोलायचो. इथे मी ते मराठीत लिहितो आहे.

चेअरमन अडकल्यावर ती पोट धरून हसली. मग मला पुढे जायची बुद्धी झाली. मी म्हणालो, "गाणंही तसलंच. देवाला हमाल करून टाकलंय. उचल, ने, ठेव. आणि वर त्यालाच नाचायला लावायचं."

तिचं हसू तिथेच थांबलं.

"सर, आम्ही ते चर्चमध्ये गातो," ती म्हणाली. "ढुम-ढुम काढून. मी पहिली ओळ गाते."

मी टेबलावरचा हात काढून सरळ उभा राहिलो.

"आणि व्हिडिओत जी बारीक मुलगी दिसते ना, ती गातच नाही. ती फक्त ओठ हलवते. गाणारी दुसरीच आहे, वयाने मोठी, चांगली जाडजूड. तिला त्यांनी दाखवलंच नाही." मग फोन वाजला आणि तिने तो तिच्या नेहमीच्या गोड आवाजात उचलला, माझ्याकडे न बघता.

पुढचे दोन आठवडे ती मला 'गुड मॉर्निंग सर' म्हणत राहिली; त्यात गुड नव्हतं आणि सरही जेमतेम होतं. माफी मागायला हवी होती. पण लोकांसाठी नम्र भाषणं लिहिणाऱ्याला स्वतःसाठी एक नम्र वाक्य सुचेना.

मग दिवाळी आली. बायको ओट्याशी बेसन भाजत होती आणि गुणगुणत होती. चाल ओळखीची, शब्द मात्र नीट मराठी. मी दारात थांबून ऐकलं.

"लाऽडू करी मी... लाऽडू करी मी..."

"काय गातेयस?"

"अहो, तेच ते. रेडिओवरचं. कुणीतरी आपल्या माणसाने दिलेलं दिसतंय त्यांना. मध्येच एक मराठी ओळ आहे."

टेबलावर दहावीचं पुस्तक उघडून बसलेल्या मुलीने कपाळावर हात मारला. "आई! इट्स नॉट लाडू! इट्स 'लॉर्ड, यू'! लॉर्ड यू कॅरी मी!"

"तेच म्हणतेय मी. लाडू करी मी."

"ओ माय गॉड. बाबा, टेल हर!"

मी सांगायला लागलो की 'करी मी' हे व्याकरणात बसत नाही, जुन्या कवितेत फार तर चालेल. बायकोने उलथनं थांबवलं. "म्हणजे चाळीस माणसं टाळ्या वाजवून काय म्हणतायत?"

"देवा, तू मला उचलून नेतोस."

तिने उलथनं पुन्हा फिरवायला घेतलं. "मग काय बिघडलं? आपला देव नाही का दळण दळू लागत? शेण्या वेचतो, पाणी भरतो. यांचा उचलतो म्हणतायत, त्यात लाडूही वळले थोडे. तूप आणा इकडे."

दुसऱ्या दिवशी मी लाडवांचा डबा रिसेप्शनच्या टेबलावर ठेवला आणि हे सगळं सांगितलं, व्याकरणासकट, उलथन्यासकट. सांगताना मला कळत होतं की हीच माझी माफी आहे. ती आधी तोंडावर हात ठेवून ऐकत होती, मग हात काढून हसायला लागली, मग डोळे पुसायला टिश्यू शोधू लागली. "ला-डू," तिने म्हणून पाहिलं. एक खाल्ला. "सर, मॅडमना सांगा, त्यांचं बरोबर आहे. यू कॅरी मी म्हणजे नक्की कसं, हे मला कधी कळलं नव्हतं. हे कळलं."

त्यानंतर गुड मॉर्निंगमध्ये गुड परत आलं.

डिसेंबरात बँकांची ती बातमी आमच्या मजल्यावर पोचली. जे टॉवर मी वर्णन करून ठेवले होते ते वर्णनातच राहिले. मार्केटिंगमधली टेबलं एकेक करून रिकामी होऊ लागली, आणि जिच्याशिवाय कंपनीला कुणी फोन करू शकलं नसतं ती पहिल्याच यादीत निघाली. जाताना तिने सगळ्यांना एकेक चॉकलेट दिलं. मला म्हणाली, "सर, चर्चमधल्या एकीने दुसरीकडे बोलून ठेवलंय. काळजी नको." काळजी मी करायला हवी होती, समजूत तीच घालत होती.

जानेवारीत आमच्या विभागप्रमुखांनी मला बोलावलं. एरवी दर वाक्य 'यल्ला'ने, म्हणजे 'चला, आटपा'ने, सुरू करणारा माणूस त्या दिवशी खुर्चीतून उठला आणि माझ्यासाठी स्वतः चहा ओतू लागला. त्यावरूनच कळलं. "हबीबी," ते म्हणाले, "वरून आलंय. खलास. महिनाभर आहेस तू. माझंही पुढच्या महिन्यात बघतायत."

नोकरी जाण्याबद्दल मला फारसं वाईट वाटलं नाही. ती नोकरी कुणाचीही गेली तरी जगाचं नुकसान नव्हतं. प्रश्न वेगळा होता. तिथे माणसाचा व्हिसा नोकरीला बांधलेला आणि कुटुंबाचा व्हिसा माणसाला. माझा रद्द झाला की महिन्याभरात तिघांनी देश सोडायचा. मुलीची दहावीची परीक्षा मार्चमध्ये, तिथल्याच केंद्रावर. जानेवारीत केंद्र बदलून मिळत नव्हतं; मी विचारून पाहिलं होतं. पुण्याला परत गेलो असतो तर तिचं वर्ष जात होतं. शिवाय जुन्या कंपनीची एनओसी नसेल तर दुसरीकडे सहा महिने कामच करता येत नसे, आणि त्या दिवसांत दुसरीकडे तरी कोण घेत होतं!

आम्ही मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "इट्स ओके, बाबा." मग उठून तिने भिंतीवरचं परीक्षेचं वेळापत्रक काढलं, त्याची नीट घडी केली आणि भूगोलाच्या पुस्तकात ठेवलं. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

पुढचे दहा दिवस मी ओळखीच्या माणसांना फोन करत होतो. मंडळातले लोक चांगले होते, पण तेही तसेच टांगलेले. 'इन्शाल्ला' हा शब्द त्या महिन्यात मी जितका ऐकला तितका पूर्ण मुक्कामात ऐकला नव्हता, आणि बहुतेक वेळा मराठी माणसांकडून. एका दुपारी, बाहेर एका मुलाखतीला जाऊन हात हलवत परत येताना, एनओसीचं विचारायला म्हणून मी आमच्याच ऑफिसला फोन लावला. 'तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. कृपया लाइनवर राहा.' तीच ती. तिला काढलं होतं, तिचा आवाज मात्र अजून ड्युटीवर होता. मी लाइनवर राहिलो. कुणी उचललं नाही. उचलणारं कुणी उरलंच नव्हतं. त्या कंपनीत मला महत्त्वाचं म्हणणारं आता एवढंच शिल्लक होतं.

मी फोन ठेवला आणि तिचा मोबाइल लावला. मागणी करायला तोंड उघडणं मला जमत नाही, म्हणून हवापाण्याची चौकशी सुरू केली. तिने ती मध्येच तोडली.

"सर, मुलीची परीक्षा कधी?"

मी सांगितलं.

"शुक्रवारी आमच्याकडे या. चर्चच्या हॉलमध्ये, जेबेल अलीला. मॅडमना घेऊन. आणि..." ती थांबली. "ला-डू."

तिकडे साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी, म्हणून रविवारची प्रार्थनाही शुक्रवारी व्हायची. ही व्यवस्था देवाने कशी मान्य केली हे मी कुणाला विचारलं नाही. बायकोने आदल्या दिवशी मोठा डबा भरून लाडू केले. नोकरी मागायला लाडू घेऊन जाणं मला ओशाळवाणं वाटत होतं, तसं मी बोललोही. ती म्हणाली, "मग ब्रोशर घेऊन चला. बघू कोण खातंय."

हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, एक पेटीसारखा कीबोर्ड, आणि पंचवीसेक माणसं: फिलिपिन्सची, केरळची, दोघं-तिघं आफ्रिकेतली. धूर नव्हता, चौथरा नव्हता. तिने बायकोचा हात धरून सगळ्यांसमोर नेलं. "दिस इज मॅडम लाडू," ती म्हणाली, आणि अख्खा हॉल असा हसला की कळलं, गोष्ट इथे आमच्या आधी पोचली आहे.

मग त्यांनी ते गाणं म्हटलं. पहिली ओळ तिची. मी ते गाणं तोवर शेकडो वेळा ऐकलं असेन, पण त्यात इतकी रिकामी जागा असते हे मला माहीत नव्हतं. ढुम-ढुम नसल्यामुळे शब्द ऐकू येत होते, आणि शब्दांमधला श्वासही. मोठ्याने दावा केल्यासारखं त्यात काही नव्हतं. ओझं घेऊन जिना चढताना माणूस स्वतःशी बोलतो तसं ते होतं. माझी मतं मी सहसा बदलत नाही. त्या दिवशी मी एवढंच मान्य केलं की फुगा डीजेने फुगवला होता, गाणं आधीपासून तिथे होतं.

शेवटच्या ध्रुवपदाला त्या सगळ्यांनी एकदम बायकोकडे बघितलं आणि अगदी स्पष्ट म्हटलं: लाडू करी मी. टाळ्यांसह. बायकोने पदर तोंडाला लावला. हसत होती की काय, मला बाजूने दिसलं नाही.

खाणं सुरू झाल्यावर मागच्या ओळीतला एक उंच गृहस्थ, खालच्या पट्टीत गाणारा, हातात लाडू घेऊन माझ्यासमोर येऊन उभा राहिला. केरळचा. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये खाण्याचे पदार्थ पॅक करणारा एक कारखाना होता, त्याचा तो मॅनेजर. टॉवर कुणी विकत घेत नव्हतं, पण मसूर डाळ लोक खातच होते.

"तुम्ही टॉवरचं लिहिता?" त्याने हिंदीत विचारलं.

"लिहायचो."

"मला पाकिटावरचं लिहिणारा पाहिजे. आत काय आहे, किती आहे, कधी खराब होणार. आधीच्या माणसाने एका पाकिटावर शेंगदाणे लिहायचे राहू दिले, सगळा माल परत आला. तुम्हाला विशेषणं लावायची सवय असेल."

"सुटेल," मी म्हणालो.

त्याने खिशातून पेन काढलं आणि कागदी प्लेट पुढे केली. "हा लाडू आहे. यात काय काय आहे, लिहा."

बावीस वर्षं मी लिहिण्यावर पोट भरत होतो. त्या प्लेटच्या कडेवर मी जितकं जपून लिहिलं तितकं आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं. बेसन, साखर, तूप, वेलची, बेदाणे. 'अस्सल' लिहायला हात शिवशिवला, आवरला. प्लेट त्याला देणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"जायफळ राहिलं."

मी वळून बायकोकडे पाहिलं.

"अहो, बघताय काय? जायफळ. आणि काजूची पूड. काजू तर लिहायलाच पाहिजे, कुणाला चालत नसेल तर?"

मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "नोकरी कुणाला द्यायची आहे नक्की?" तो म्हणाला. रिसेप्शनिस्ट हातातला ग्लास खाली ठेवून हसत होती. मी जायफळ आणि काजू लिहिले. तो म्हणाला, "रविवारी या. घरी तपासून घ्यायची परवानगी आहे."

पगार आधीपेक्षा कमी होता, एवढंच त्याबद्दल पुरे. आमच्या विभागप्रमुखांनी एनओसीवर सही केली तेव्हा ते स्वतःचा खण आवरत होते. पेन सापडेना, म्हणून रिसेप्शनच्या रिकाम्या टेबलावरून एक आणलं. नवा व्हिसा पासपोर्टवर चिकटला तेव्हा नोटिशीच्या महिन्यातले चार दिवस उरले होते. मी घरी आलो, भूगोलाचं पुस्तक उघडलं आणि वेळापत्रक परत भिंतीवर लावलं.  एक कोपरा वाकडा लागला होता तो मुलीने उठून सरळ केला.

त्यानंतर अकरा वर्षं मी पाकिटांवर लिहिलं. माझ्या लिखाणाला इतके वाचक आधी कधी मिळाले नव्हते, आणि त्यांतल्या एकालाही मी फसवलं नाही, ही माझ्या साहित्यसेवेतली एकमेव अभिमानाची बाब. पहिला मजकूर शेंगदाण्याच्या चिक्कीचा होता. शेंगदाणे लिहिले.

मार्चमध्ये शेवटचा पेपर होता त्या दिवशी मी आणि बायको दोघंही शाळेच्या फाटकाशी गेलो. मुलगी बाहेर आली, मागच्या सीटवर आडवी पडली आणि "यल्ला, बाबा, होम," एवढंच म्हणाली. पेपर कसा गेला हे विचारायचं नाही असं आमचं आधीच ठरलं होतं. शारजाचा रस्ता नेहमीसारखा तुंबलेला. रेडिओवर ऑर्गनचे दोन लांब सूर लागले. माझा हात सवयीने बटणाकडे गेला.

"बाबा, डोंट."

मी हात मागे घेतला. बाई गायला लागली, टाळ्या आल्या, कोरस आला. ध्रुवपद आलं तेव्हा मुलगी मागे उठून बसली, तिने दोन सीटच्या मधून डोकं पुढे काढलं आणि आमच्या दोघांच्या कानात ओरडून म्हटलं, नीट, खणखणीत मराठीत:

"लाऽडू करी मी!"

"इट्स 'लॉर्ड, यू'," बायको म्हणाली.

गाडी उभीच होती. मी आवाज मोठा केला.